सोयीसाठी घातलेलं नाव

कुकरवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती.

शनिवार. दुपारचे तीन. अर्धा दिवस म्हणून मी मरोळहून लवकर सुटून मुलुंडला घरी आले होते. दाराबाहेर मोठ्या दिरांचे बूट दिसले. आत सासूबाई सोफ्यावर, नवरा खिडकीशी, दीर मधल्या खुर्चीत. टीपॉयवर फाइल. कुणी ‘ये’ म्हणालं नाही. मी सरळ स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. तिथे ती चिठ्ठी.

‘तिचे.’

एवढंच. माझं नावसुद्धा नाही. अक्षर दिरांचं. ते ऑडिटर आहेत, अक्षर मोत्यासारखं.

मग एकेक दिसायला लागल्या. बाबांनी लग्नात दिलेल्या लोखंडी कपाटावर चिठ्ठी. शिलाई मशीनवर चिठ्ठी. इस्त्रीवर. दोन पातेल्यांवर. फ्रिजवर नाही. फ्रिज मी माझ्या बोनसमधून घेतला होता. एसीवर नाही, टीव्हीवर नाही. कुकरची रिंग कधीची गेलेली, शिट्टी झाली तर झाली. तो माझा.

बाथरूममध्ये गेले. निळ्या बादलीवर चिठ्ठी. ओली होऊन अर्धी सुटलेली.

बादली कुणी कुणाला देत नाही. बादलीला किंमत काय? पण निळी मी वापरायचे. सासूबाई लाल वापरायच्या. मी गेल्यावर ती निळी बादली त्यांना घरात नको होती. बारा वर्षांनी मला ते दोन बादल्यांचं गणित त्या दिवशी कळलं.

बाहेर आले. दीर म्हणाले, “हे बघ, तुमचं पटत नाही, ठीक आहे. होतं असं. पण तमाशा नको. तुझं तुला, आमचं आम्हाला. मी यादी केलीय. काही राहिलं असेल तर सांग, ॲड करू.”

“आणि घर?”

ते हसले. “घराचं काय? घर ह्याचं आहे.”

“नाव माझंपण आहे.”

“तेच तर कमी करायचंय. दहा मिनिटांचं काम. उलट हप्त्यातून सुटशील तू.”

सासूबाई म्हणाल्या, “एकट्या बाईला घर कशाला गं? मूल ना बाळ. वाकोल्याला बाबा आहेतच की तुझे. तुमच्याकडे काय, एका खोलीत आठ-आठ जण राहतात. सवय असते.”

नवरा खिडकीतून खाली बघत होता. पार्किंगमध्ये काय एवढं बघण्यासारखं होतं, देव जाणे.

आणि मी काय केलं?

मी चहा केला. चार कप. दिरांच्या कपात साखर कमी, त्यांना डायबिटीस आहे. ट्रेमधून नेऊन दिला.

त्यांच्या बोलण्याची मला आज लाज वाटत नाही. त्या चहाची वाटते.

*

‘तुमच्याकडे.’ हा शब्द मी बारा वर्षं ऐकला. तुमच्याकडे मासे फार. तुमच्याकडे मोठ्याने बोलतात. तुमच्याकडे मुली लवकर कमवायला लागतात, नाही का.

माझे बाबा कणकवलीच्या आतल्या गावचे. गिरणीत होते. गिरणी बंद झाली तशी अंधेरीच्या एका कंपनीत वॉचमन झाले. आम्ही वाकोल्याच्या चाळीत वाढलो. आमची जात सासरच्यांपेक्षा खालची. तोंडावर कुणी कधी बोललं नाही. तोंडावर बोलणारी माणसं परवडली. गणपतीत नैवेद्याचा स्वयंपाक असायचा तेव्हा सासूबाई म्हणायच्या, “तू नोकरी करून दमतेस गं, तू बस. मी करते.” पहिल्या वर्षी मला वाटलं, किती प्रेमळ आहेत. चौथ्या वर्षी कळलं. उरलेले तीनशे साठ दिवस मी दमत नव्हते का?

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, आम्ही त्यावरून दात बनवतो. बारीक काम. डोळे जातात, नखांत प्लास्टर बसतं. नवरा तेव्हा दातांच्या सामानाच्या कंपनीत सेल्समन होता, लॅबमध्ये यायचा. तसं जमलं. सासूबाईंची कवळी मी बनवलीय. माझ्या हाताने. हिरड्यांचा रंग त्यांच्या ओठांना शोभेल असा निवडला, रविवारी थांबून पॉलिश केली. त्याच तोंडाने त्या मला ‘तुमच्याकडे’ म्हणायच्या.

घर घेतलं लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. वन बीएचके, तिसरा मजला. त्याच्या एकट्याच्या पगारावर बँक कर्ज देत नव्हती. माझा पगार जोडला तेव्हा मंजूर झालं. म्हणून दोघांची नावं. सुरुवातीचे पैसे भरायचे होते तेव्हा सासरे हयात होते, त्यांनी थोडे दिले. बाकीचे माझ्या बाबांनी. त्यांना गिरणीची देणी नुकती मिळाली होती. अर्धी त्यांनी उचलून दिली. व्याज नाही, कागद नाही. वास्तुशांतीला आले तेव्हा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, “चेडवाचा घर.” लेकीचं घर. सासूबाईंनी ऐकलं. त्या दिवशी बाबांना जेवायला वेगळं पान मांडलं, गॅलरीत. म्हणे, तिथे वारा छान लागतो.

मग त्याची नोकरी गेली. दोन वर्षं घरी बसला. ती दोन वर्षं पूर्ण हप्ता माझ्या खात्यातून गेला. मी ओव्हरटाइम केला. तो क्रेडिट कार्डं वापरत राहिला, मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. पुढे ठाण्यात नोकरी लागली. तिथे कुणीतरी भेटली. मला कसं कळलं? सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या. “आमच्यातलीच आहे. छान आहे मुलगी.”

त्यांच्या आवाजात आनंद होता. मी भाजी निवडत होते. मेथी. अजून आठवतं.

*

चिठ्ठ्यांच्या त्या शनिवारनंतर मी आमच्या बँकेत गेले. म्हटलं, आपणच घर घेऊ. त्याचा हिस्सा त्याला देऊन टाकू. काउंटरच्या पलीकडचा माणूस माझ्याच वयाचा. फाइल उघडली, बंद केली.

“मॅडम, मिस्टरांना घेऊन या.”

“आम्ही वेगळे होतोय. म्हणूनच आलेय.”

“मग वडील? भाऊ? कोणी जेंट्स आहे का घरात?”

“पगार माझा आहे.”

“हो, पण एकट्या लेडीजला एवढं... बघा, सेटल करून टाका ना. कशाला एवढं टेन्शन घेता?”

मी उठले. तेव्हा मला बोलताच येत नव्हतं. घरी येऊन बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, “सोड ता घर. त्यांच्या नादाक लागा नको. माजी खोली आसा मा.”

सगळेच सोड म्हणत होते. बँकवाला, बाबा, दीर. मी म्हटलं, ठीक आहे. सोडते. दमले होते मी. दिरांना फोन करून सांगितलं, सही करते.

ते म्हणाले, “शहाणी आहेस.”

*

रजिस्ट्रेशन ऑफिसमध्ये गर्दी होती. टोकन घेऊन बाकावर बसलो. मी एका टोकाला, नवरा दुसऱ्या, मध्ये दीर. आत एक टेबल, त्यावर कॅमेरा, अंगठ्याचं मशीन. माणसं जायची, फोटो, अंगठा, झालं. घरंच्या घरं दोन मिनिटांत इकडची तिकडे होत होती.

वेळ होता म्हणून मी म्हटलं, कागद बघू जरा.

दीर म्हणाले, “त्यात काय वाचायचंय? स्टँडर्ड फॉरमॅट आहे.”

“असू दे. बसलेय तर वाचते.”

त्यांनी दिला. बहुतेक त्यांना वाटलं, हिला काय कळणार. हक्कसोड पत्र. मी पहिल्या पानापासून वाचलं. लॅबमध्ये भिंगाखाली दाताची कड बघायची सवय आहे मला. ओळ सोडत नाही. चौथ्या पानावर आले.

‘सदर सदनिकेच्या खरेदीत लिहून देणार हिने कोणतीही रक्कम दिलेली नसून, तिचे नाव केवळ सोयीसाठी घालण्यात आले होते.’

मी परत वाचलं.

केवळ सोयीसाठी.

माझा पगार. सोय. बाबांची गिरणीची देणी, तीस वर्षं कापसाची धूळ छातीत भरून मिळालेली. सोय. ती दोन वर्षं. ओव्हरटाइम. सोय. मीच. बारा वर्षांची सोय.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ‘लिहून देणार ही आपला हक्क प्रेमापोटी, स्वखुशीने व कोणत्याही मोबदल्याशिवाय सोडत आहे.’

प्रेमापोटी!

घर सोडायला मी तयार होते. खरंच होते. त्यांनी नुसतं घर मागितलं असतं तर मी देऊन टाकलं असतं आणि आयुष्यभर वाकोल्यात बसून स्वतःला समजूतदार म्हटलं असतं. पण त्यांना घर पुरत नव्हतं. मी कधी काही दिलंच नाही, हेसुद्धा माझ्याच सहीने हवं होतं. सरकारी शिक्क्यासकट. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला.

आमचा नंबर आला. टेबलामागचा माणूस मान खाली घालूनच बोलला.

“बाई, इकडे बघा. कॅमेऱ्यात. दस्त वाचलात?”

“वाचला.”

“मान्य आहे? सही स्वखुशीने करताय?”

“नाही.”

त्याने मान वर केली. “काय नाही?”

“मान्य नाही. यात खोटं लिहिलंय.”

मागे दीर उभे राहिले. “साहेब, एक मिनिट, तिला समजलेलं नाही...”

“मला समजलंय,” मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की बाकावरची माणसं वळली. हो, आमच्याकडे मोठ्याने बोलतात.

तो माणूस म्हणाला, “मान्य नसेल तर उठा. पुढचं टोकन.”

संपलं. त्याच्यासाठी रोजचंच असेल. माझ्यासाठी चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, मान्य आहे का. आणि मी खरं उत्तर दिलं होतं.

बाहेर जिन्यात दिरांनी मला गाठलं. चेहरा लाल. “लायकी दाखवलीस शेवटी.”

“दाखवली,” मी म्हटलं. “अजून पूर्ण नाही दाखवली.”

नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. “तू असं का करतेयस?”

मी पायऱ्या उतरत राहिले. तो प्रश्न त्याने आयुष्यभर उगाळत बसावा, असं मला वाटलं. रस्त्यापलीकडे उसाचा रस मिळत होता. दोन ग्लास प्यायले. तिसरा मागितला.

*

मला न्याय हवा होता असं मी म्हणणार नाही. लोक म्हणतात तसं. मला त्यांना हरलेलं बघायचं होतं. दिरांना, सासूबाईंना, त्याला. तेवढ्याचसाठी मी सकाळी उठायला लागले.

घाटकोपरला एक वकीलबाई मिळाल्या. झेरॉक्सच्या दुकानावर पोटमाळा, तिथे ऑफिस. मी बोलता बोलता रडायला लागले. त्यांनी रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, “आज रडून घ्या. पुढच्या वेळी पासबुकं आणा. सगळी. आणि काही झालं तरी घरातून पाय बाहेर टाकायचा नाही.”

पासबुकं माझ्याकडे होती. बाबांकडे गेले. त्यांनी ट्रंक उघडली, प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, त्यात ती पावती. त्यांच्या खात्यातून बिल्डरच्या नावे गेलेल्या पैशांची. घडी पडून पिवळी झालेली.

“ही कित्याक ठेवलात?” मी विचारलं.

“असाच,” बाबा म्हणाले. “इतके पैशे परत कधी बगूक मिळतले? म्हणान ठेवलंय.”

घरात मी आणि सासूबाई, दोघीच. नवरा बोरिवलीला भावाकडे राहायला गेला होता. सासूबाईंना राखणीला ठेवलं होतं, मी कुलूप बदलू नये म्हणून. चौदा महिने. त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी स्वयंपाक केला की शेगडी पुसून घ्यायच्या, ओट्यावर पाणी ओतायच्या. शेजारणींना सांगायच्या, हिने माझ्या मुलाचा संसार मोडला. मी बेडरूममध्ये इंडक्शनची शेगडी आणली. मुद्दाम रविवारी सुके बांगडे भाजायचे. दार उघडं ठेवून. हो, मुद्दाम.

केस उभी राहिल्यावर कोर्टाने आम्हाला मध्यस्थाकडे पाठवलं. एक वयस्कर बाई, निवृत्त न्यायाधीश. लांब टेबल. दीर सूट घालून आले होते. बोलायला सुरुवात त्यांनीच केली, की माझ्या भावाने घर घेतलं, हिचं नाव नुसतं...

वकीलबाईंनी ते हक्कसोड पत्र पुढे सरकवलं. चौथं पान. मग माझी पासबुकं. मग बाबांची पावती.

मध्यस्थ बाई सावकाश बघत होत्या. मग त्यांनी ‘सोयीसाठी’ या शब्दावर पेन टेकवलं.

“हे कुणी लिहिलंय?”

दीर कोटाचं बटण लावायला लागले.

“मी विचारतेय, कुणी लिहिलंय?”

“मी,” दीर म्हणाले.

“तुम्ही ऑडिटर ना? मग ही इतक्या वर्षांची एंट्री तुम्हाला दिसली नाही?”

दिरांनी पाण्याचा ग्लास उचलला. रिकामा होता. परत ठेवला. ते दृश्य माझ्याकडे आहे अजून. वाईट दिवस असला की मी ते काढून बघते.

ठरलं असं. घराची आजची किंमत काढायची. मी आणि बाबांनी जास्तीचं भरलेलं माझ्या बाजूला धरायचं. मग ज्याला घर हवं त्याने दुसऱ्याचा हिस्सा द्यायचा आणि जुनं कर्ज आपल्या एकट्याच्या नावावर घ्यायचं. तीन महिने. नाहीच जमलं तर बाहेरच्याला विकायचं.

नवरा ताबडतोब म्हणाला, “मी घेणार.”

“घे,” मी म्हटलं.

मला माहीत होतं. दोन वर्षांची ती क्रेडिट कार्डं. न भरलेली, बुडवलेली. एका बँकेने नाही म्हटलं. दुसरीने नाही म्हटलं. तिसरीने सांगितलं, भाऊ सोबत कर्जदार म्हणून सही करणार असेल तर बघू. भावाने अंग काढून घेतलं. “माझ्यावर आधीच दोन लोनचा लोड आहे,” म्हणाले. माझ्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायला जो माणूस बोरिवलीहून मुलुंडला आला, तो सख्ख्या भावासाठी एक सही करायला आला नाही. त्यांचं घराणं, त्यांचे संस्कार. एका सहीपर्यंतच होते.

मला आनंद झाला का? झाला. लॅबमध्ये सगळ्यांना वडे आणले मी त्या दिवशी.

आता माझी पाळी. मी दुसऱ्या बँकेत गेले. तिथेही विचारलं, “को-ॲप्लिकंट?”

“नाही.”

“पती?”

“त्याचाच हिस्सा द्यायला कर्ज हवंय.”

या वेळी मी उठले नाही. खुर्चीत बसून राहिले. कागद एकेक करून टेबलावर ठेवले. अडचण एकच होती. माझा ओव्हरटाइम मालक रोख द्यायचे, स्लिपवर दाखवायचे नाहीत. पगार कमी दिसत होता. दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेले. म्हटलं, सगळा पगार स्लिपवर आणि खात्यात. नाहीतर समोरच्या गल्लीतल्या लॅबमध्ये मला उद्यापासून बोलावलंय. पंधरा वर्षांत मी त्यांच्याकडे वर बघून बोलले नव्हते. ते म्हणाले, “अरे, आधी सांगायचं ना!”

आधी! मला आधी कुठे माहीत होतं, की नुसतं सांगायचं असतं.

कर्ज मंजूर झालं. हप्ते मी साठ वर्षांची होईपर्यंत. सरकारी फी आणि स्टॅम्प ड्युटीला थोडे कमी पडत होते. मंगळसूत्र मोडलं. सोनाराने वजन करून काळे मणी परत दिले. मी ते तिथेच काउंटरवर ठेवून आले.

*

तेच रजिस्ट्रेशन ऑफिस. या वेळी टेबलासमोरच्या खुर्चीत तो.

कागद माझ्या वकीलबाईंनी केला होता. त्यात एक कलम मी आग्रहाने घालून घेतलं होतं. ‘सदर सदनिकेच्या खरेदीत लिहून घेणार हिने व तिच्या वडिलांनी रक्कम दिलेली आहे, आणि कर्जाचे हप्ते मुख्यतः तिनेच भरलेले आहेत, हे लिहून देणार यास मान्य आहे.’ वकीलबाई म्हणाल्या होत्या, “याची कायद्याला गरज नाही हो.”

“कायद्याला नसेल,” मी म्हटलं. “मला आहे.”

तो सही करायला लागला. मी म्हटलं, “आधी वाच.”

“वाचलंय मी.”

“चौथं पान. वाच.”

त्याने पान उघडलं. ओठ हलताना दिसले. कान लाल झाले होते. टेबलामागच्या माणसाने विचारलं, “मान्य आहे?”

तो म्हणाला, “हो.”

“मोठ्याने बोला, साहेब. इथे आवाज आहे.”

“मान्य आहे.”

अंगठ्याच्या मशीनवर त्याचा ठसा उमटेना. घाम आला होता. तीन वेळा पॅन्टला अंगठा पुसला. मी बघत होते. नजर एकदाही काढली नाही.

*

आठवड्याने दीर आले. हातात मिठाईचा बॉक्स. बूट बाहेर व्यवस्थित काढले. मला ‘बस ना’ म्हणाले, माझ्याच घरात.

“आईचं असं आहे,” त्यांनी सुरुवात केली. “महिनाअखेर ताबा द्यायचा, मान्य आहे आम्हाला. पण आमच्याकडे माझ्या बायकोचं आणि आईचं जमत नाही. तो ठाण्यात भाड्याने बघतोय, लहान जागा, नवीन संसार. आईला इथली सवय आहे. तुझीपण सवय आहे. सहा महिने राहू दे तिला इथे.”

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांना हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. दोन मुलगे. दोन घरं. कुठेच जागा नाही. ज्यांच्यासाठी चौदा महिने माझ्यावर पहारा दिला, त्यांना ती नको होती. म्हातारीने दाराची कडा धरली.

खरं सांगते, मला कीव आली. पोटातून आली. एका क्षणासाठी मी म्हणणार होते, राहू दे.

मग मी स्वतःला विचारलं, ही माझी इच्छा आहे की सवय? बारा वर्षं मी असंच पटकन विरघळत आले. तसाच तर केला होता तो चहा.

“नाही,” मी म्हटलं. “महिनाअखेर.”

“अगं, म्हातारी आहे ती.”

“दोन मुलगे आहेत त्यांना.”

सासूबाई म्हणाल्या, “मला घराबाहेर काढतेस?”

“मी काढत नाही. न्यायला कोण येतं ते तुम्ही बघा.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी टेम्पो आला. दीर खाली गाडीतच बसून होते. सासूबाईंनी देवघरातले देव पुसून पिशवीत ठेवले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, “देव बघतोय.”

“बघू दे,” मी म्हटलं.

सोसायटीत बोलतात. म्हातारीला काढली म्हणतात. लिफ्टमध्ये मी शिरले की गप्प होतात. बाबाही म्हणाले, “इतको राग बरो न्हय.” बाबांचं मन मोठं आहे. त्यांनी गॅलरीतलं पान गोड मानून खाल्लं होतं. मी नाही खाणार. त्यांच्या वाट्याचा अपमानही माझ्याकडे आहे, तो मी विसरणार नाही. त्यांनी माफ केलं असेल. मी केलेलं नाही. करायचंही नाही. हप्ता फिटेल तेव्हा फिटेल, त्याच्याशी याचा संबंध नाही.

लॅबमध्ये मेणात दात कोरायच्या टेबलावर एक मुलगी बसते. मालाडची. नवऱ्यापासून वेगळी होऊन तीन महिने झालेत. परवा जेवताना म्हणाली, “येत्या रविवारी सासरचे बैठक घेणार आहेत, ताई. खोलीवर माझं नाव आहे ना, त्याच्यासाठी. कागद तयार ठेवलाय म्हणाले. मी एकटीच जाणार. काय बोलू?”

“कागद वाचलास?”

“नाही. दिला नाही अजून.”

तिने डबा बाजूला सरकवला. डब्यातली चपाती तशीच.

रविवारी मी मालाडला जाणार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. तिचे सासरे विचारतील, ह्या कोण? दीर असेल, मामा असेल, मधल्या खुर्चीत बसलेला कुणीतरी असेलच. तो म्हणेल, हा आमच्या घरातला मामला आहे. म्हणू दे. मी चहा घेणार नाही. मी त्याच्यासमोर बसणार आहे आणि तो कागद त्याच्याकडूनच वाचून घेणार आहे. पहिल्या ओळीपासून. मोठ्याने.